बसवनगुडीचे नॅशनल हायस्कूल : राष्ट्रीय शिक्षणाची एक तेजस्वी परंपरा

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या वाटचालीचा आढावा घेत असताना, ज्या नगरीने आम्हां मराठी कुटुंबांना आपलेसे केले तिच्या इतिहासाचेही कृतज्ञतापूर्वक स्मरण करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. बनशंकरीहून मेट्रोने निघाले की पाचवे स्थानक ‘नॅशनल कॉलेज’ हे येते. त्या महाविद्यालयाचे मूळ ज्या शाळेत आहे, ते बसवनगुडीचे नॅशनल हायस्कूल १९१७ साली स्थापन झाले.

त्या नावातील ‘नॅशनल’ हा शब्द केवळ शोभेचा नव्हे. त्यामागे जो विचार होता तो महाराष्ट्राच्या चांगल्याच परिचयाचा आहे. सरकारी मदतीवाचून स्वाभिमानी शिक्षण देता येईल, या विश्वासाने विष्णुशास्त्री चिपळूणकर व लोकमान्य टिळक यांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढे १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसनंतर स्वराज्य, स्वदेशी आणि बहिष्कार यांच्या जोडीला ‘राष्ट्रीय शिक्षण’ हे चौथे सूत्र देशभर गाजू लागले. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे तळेगावचे समर्थ विद्यालय याच ध्येयातून उभे राहिले. परंतु १९१० साली परकीय सत्तेने ते बंद पाडले.

विद्यालय बंद झाले, तरी विचार मावळला नाही. १९१६ साली टिळकांनी आणि डॉ. ॲनी बेझंट यांनी आपापल्या होमरूल लीग स्थापन केल्या. १९१७ च्या जून महिन्यात मद्रास सरकारने बेझंटबाईंना स्थानबद्ध केले. त्याच वर्षी त्यांच्या प्रेरणेने, म्हैसूर संस्थानातील या बंगळुरात, नॅशनल हायस्कूलचा जन्म झाला. कावेरीकाठच्या या प्रदेशात आणि मुळा-मुठेच्या काठी एकाच ध्येयाची ज्योत तेवत होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

शाळेची थोरवी तिच्या विद्यार्थ्यांवरून कळते. गौरीबिदनूर तालुक्यातील होसूर गावचा एक अत्यंत गरीब मुलगा १९३५ साली दोन दिवस पायी चालत बंगळुरास आला आणि या शाळेत दाखल झाला. पुढच्याच वर्षी महात्मा गांधी शाळेत आले, तेव्हा त्यांच्या हिंदी भाषणाचा कन्नड अनुवाद करण्याचा मान त्यालाच मिळाला. हेच पुढे विख्यात झालेले डॉ. एच. नरसिंहय्या. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात त्यांनी शिक्षण सोडून कारावास पत्करला; त्यांतील काही काळ त्यांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात काढावा लागला.

१९४५ साली संस्थेने नॅशनल कॉलेज सुरू केले, आणि नरसिंहय्या तेथे भौतिकशास्त्राचे अध्यापक व पुढे प्राचार्य झाले. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवूनही ते आपल्या संस्थेतच परतले. १९६२ साली त्यांनी बंगळूर सायन्स फोरम स्थापन करून विज्ञान सामान्य नागरिकांच्या दारी आणले. १९७० च्या दशकात ते बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि १९८४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. तरीही हा खादीधारी, अविवाहित शिक्षक २००५ साली निधन होईपर्यंत वसतिगृहातील एका खोलीतच राहिला. गौरीबिदनूर व बागेपल्लीसारख्या मागास भागांतही संस्थेची महाविद्यालये उभी राहिली. ज्या वाटेने तो मुलगा पायी आला, त्याच वाटेने विद्या त्याच्या मुलुखात परत गेली!

आज आम्ही आमच्या पाल्यांसाठी शाळा निवडताना इमारत, शुल्क आणि गुणांची टक्केवारी आधी पाहतो. होसूरच्या त्या मुलापाशी यांतले काहीच नव्हते. होती ती फक्त ज्ञानाची तळमळ, आणि त्याला सामावून घेणारी एक शाळा. मराठीचा वारसा घरात जपत असताना, आमच्या मुलांनी या कन्नड भूमीतील थोर परंपराही आपली मानावी आणि घेतलेली विद्या समाजाला परत द्यावी, हीच या शुभप्रसंगी आमची मनोमन प्रार्थना.