डिस्क गोल्फ खेळायचंय? बॅगभर नको, तीनच डिस्क घ्या!

डिस्क गोल्फ म्हणजे थोडक्यात गोल्फच. फक्त चेंडूऐवजी डिस्क आणि खड्ड्याऐवजी खांबावर साखळ्या लटकवलेली बास्केट. सगळ्यात कमी फेकींमध्ये डिस्क बास्केटमध्ये टाकायची, बस्स! एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात या खेळाचं पहिलं कायमस्वरूपी मैदान आखलं. आज अमेरिकेत बरीचशी मैदानं सार्वजनिक बागांमध्ये आहेत आणि तिथे फुकट खेळता येतं.

मग खर्च कशावर होतो? डिस्कवर. गोल्फमध्ये एका फेरीला १४ पेक्षा जास्त स्टिक नेता येत नाहीत. डिस्क गोल्फमध्ये तशी मर्यादाच नाही. त्यामुळे वीस-पंचवीस डिस्क पाठीवर घेऊन फिरणारे लोक दिसतात आणि नवख्याला वाटतं, आपल्यालाही एवढ्या लागणार.

लागत नाहीत. पण तीन डिस्क कोणत्या, हे कळायला डिस्कवरचे चार आकडे वाचता यायला हवेत. ते क्रमाने असे: स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. ग्लाइड म्हणजे डिस्क हवेत किती तरंगते. उजव्या हाताने बॅकहँड फेकली तर सुरुवातीला ती उजवीकडे किती झुकेल ते टर्न, आणि वेग कमी झाल्यावर शेवटी डावीकडे किती वळेल ते फेड.

खरी गल्लत होते ती स्पीडमध्ये. स्पीड १२ म्हणजे ती डिस्क आपोआप जोरात जाईल असं नाही. ती नीट उडण्यासाठी तुम्हाला ती तेवढ्या जोरात फेकता यायला हवी! इनोव्हा कंपनीची डिस्ट्रॉयर घ्या: १२, ५, उणे १, ३. कसलेला खेळाडू ती शंभर मीटरच्या पुढे नेतो. नवख्याच्या हातून मात्र तिला हवा तेवढा वेग मिळतच नाही, मग ती उजवीकडे झुकत नाही आणि थेट डावीकडच्या झाडीत घुसते. चूक हाताची आहे की डिस्कची, तेही कळत नाही. सुरुवातीला महागडा डिस्टन्स ड्रायव्हर घेणं म्हणजे शिकण्याचा वेळ आणि पैसे दोन्ही वाया.

त्यापेक्षा हे त्रिकूट बघा. पहिला पटर, उदाहरणार्थ एव्हिएर (२, ३, ०, १). कडा जाड, हळू फेकला तरी सरळ जातो. बास्केटजवळच्या फेकी याच्याच. दुसरी मिडरेंज, डिस्क्राफ्टची बझ (५, ४, उणे १, १). तीनपैकी दोनच परवडत असतील तर पटर आणि ही. तिसरा फेअरवे ड्रायव्हर, लेपर्ड (६, ५, उणे २, १). तिचा टर्न जास्त असल्यामुळे कमी जोरातही ती लगेच डावीकडे पळत नाही. याच कंपन्यांच्या हव्यात असं नाही, आकडे साधारण असेच असले की झालं.

चौथी घ्यायचीच असेल तर वाऱ्यासाठी घ्या. समोरून वारा आला की डिस्क जास्त टर्न घेते, आणि लेपर्डसारखी डिस्क तर उलटून उजवीकडे निघून जाते. तिथे टर्न ० आणि फेड ३ असलेली, म्हणजे झोनसारखी डिस्क कामी येते.

प्लास्टिकचं काय? स्वस्त प्लास्टिकला पकड चांगली असते, पण झाडांवर आपटून ते लवकर झिजतं आणि झिजलेली डिस्क जास्त टर्न घ्यायला लागते. त्यामुळे पटर स्वस्तातला चालेल, बाकी दोन टिकाऊ प्लास्टिकच्या बऱ्या.

रंग मात्र भडक निवडा, गुलाबी किंवा केशरी. हिरवी डिस्क गवतात शोधणं हा एक वेगळाच खेळ आहे! मागच्या बाजूला मार्करने आपला फोन नंबर लिहून ठेवा. सापडलेली डिस्क फोन करून परत देण्याची पद्धत या खेळात आहे. आणि मैदानात तळं असेल तर बॅगेत एक जास्तीचा पटर टाका.