मागचे ब्रेक पॅड घरी बदलताय? आधी ‘सर्व्हिस मोड’ समजून घ्या

गाडीत ओढायच्या हँडब्रेकऐवजी बटण असेल, तर मागचे ब्रेक पॅड बदलणं हे निम्मं सॉफ्टवेअरचं काम आहे. अशा बऱ्याच गाड्यांत मागच्या कॅलिपरवरच छोटी मोटर असते. ती आतला स्क्रू फिरवते, स्क्रूवरचा नट पिस्टनला पुढे ढकलतो आणि पॅड डिस्कला आवळतात. नट मागे गेलेला नसताना सी-क्लॅम्पने पिस्टन दाबला, तर सगळा जोर त्या नट-स्क्रूवर येतो. पहिल्यांदा मी नेमकं हेच करत होतो. पिस्टन हलेना म्हणून थांबलो, नाहीतर अख्खा कॅलिपर गेला असता.

नट मागे नेणं हेच सर्व्हिस मोडचं काम. स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या ओबीडी पोर्टला स्कॅनर लावून तो चालू करतात. बरेच स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर फक्त एरर कोड वाचतात, ही कमांड देत नाहीत, घेण्याआधी बघा. काही गाड्यांत पेडल आणि बटणाचा ठरावीक क्रम चालतो, तो मॅन्युअलमध्ये असतो.

या मोडमध्ये पार्किंग ब्रेक सुटलेला असतो! म्हणून सपाट जागा, पुढच्या चाकांना ओट आणि जॅकशिवाय वेगळे स्टँड हवेतच. कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. पिस्टन आत जाताना ब्रेक ऑइल वर चढतं, सांडलं तर गाडीचा रंग खराब होतो. काम चालू असताना बटणाला हात लावायचा नाही.

शेवटी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा, मोड बंद करा, मगच गाडी हलवा.