रुंद ऑल-माउंटन स्की कशी निवडायची आणि बाइंडिंग कसं बसवायचं? संपूर्ण माहिती

वर्ध्यात बसून कोणी स्कीबद्दल लिहितोय म्हटलं की लोक आधी हसतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि बर्फ दिसतो तो फक्त रसवंतीवर. पण मी गेली काही वर्षं सुट्ट्या साठवून हिवाळ्यात औली आणि गुलमर्गला जातोय. त्यामुळे ओळखीतल्या मुलांचे दोन प्रश्न हमखास येतात: "दादा, कोणती स्की घेऊ?" आणि "बाइंडिंग घरी बसवता येईल का?" पहिल्या प्रश्नात तुमचे पैसे अडकलेले आहेत, दुसऱ्यात तुमचा गुडघा. म्हणून दोन्ही नीट समजून घेऊया.

ऑल-माउंटन स्की म्हणजे काय?

स्कीचे ढोबळ प्रकार मधल्या रुंदीवरून ठरतात. मधली म्हणजे बुटाखालची, सर्वात अरुंद जागा. याला कंबर म्हणतात आणि ती मिलिमीटरमध्ये मोजतात.

• ८५ मिमीपेक्षा कमी: मशीनने दाबलेल्या, कडक उतारासाठी
• ८५ ते ९५ मिमी: जास्त कडक, थोडा मऊ बर्फ
• ९५ ते १०८ मिमी: रुंद ऑल-माउंटन, म्हणजे सगळं थोडं थोडं
• ११० मिमीच्या पुढे: खोल, ताजा, भुसभुशीत बर्फ

कंपनीनुसार हे आकडे थोडे मागेपुढे होतात. उदाहरण द्यायचं तर नॉर्डिका एन्फोर्सर १०० या मॉडेलच्या नावातला १०० हा आकडा कंबरेचाच आहे.

रुंदीने नेमकं काय होतं?

पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या वावरात पाय टाकला की घोट्यापर्यंत फसतो. तिथेच फळी टाकून तिच्यावर उभं राहिलं तर फसत नाही. वजन तेच, फक्त ते जास्त जागेवर पसरतं.

आता आकडे बघू. सामानासकट वजन ७५ किलो धरा. १६५ सेमी लांब आणि सरासरी ९.३ सेमी रुंद अशा दोन स्कींचं क्षेत्रफळ होतं सुमारे ३,०७० चौ. सेमी. म्हणजे दर चौ. सेमीवर साधारण २४ ग्रॅम भार. तेच १८० सेमी लांब आणि सरासरी ११.५ सेमी रुंद जोडीवर १८ ग्रॅम. भार जवळपास पाव हिश्शाने कमी झाला, म्हणून रुंद स्की मऊ बर्फावर तरंगते.

मग सगळ्यात रुंद स्कीच का घेऊ नये? कारण कडक बर्फावर स्की कडेवर उभी करावी लागते. स्की जितकी रुंद, तितकी तिची लोखंडी कड पायाच्या मध्यरेषेपासून लांब. म्हणजे घोट्यावर आणि गुडघ्यावर जास्त पीळ, आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला जास्त वेळ. सकाळच्या गोठलेल्या उतारावर ११५ मिमीची स्की पाय थकवून टाकते.

आपल्याकडच्या बर्फाला किती रुंदी हवी?

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. तिथल्या गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो आणि दुसरा अफरवट डोंगरावर ३,९०० मीटरच्या वर सोडतो. वर ताजा किंवा वाऱ्याने दाबलेला बर्फ, मधे उन्हाने वितळून पुन्हा गोठलेली पापडी, खाली झाडांत मऊ बर्फ आणि शेवटी दाबलेला उतार, हे सगळं एकाच फेरीत भेटतं. औलीत (साधारण २,५०० ते ३,०५० मीटर) शिकणारे लोक जास्त वेळ दाबलेल्या उतारावर असतात.

माझं मत सरळ आहे:

• पहिलाच कोर्स करताय: स्की विकत घेऊच नका, भाड्याने घ्या.
• बहुतेक वेळ औलीत: ८८ ते ९५ मिमी
• गुलमर्गला जाणार आणि एकच जोडी परवडते: ९६ ते १०४ मिमी
• वजन ६० किलोच्या आत: या पट्ट्यातली खालची बाजू धरा. वजन कमी असेल तर कमी रुंदीवरही तरंगता येतं.

लांबी, वाक आणि आतलं साहित्य

लांबी साधारण हनुवटी ते डोक्यापर्यंत. नवीन असाल तर हनुवटी-नाकाजवळ, सरावलेले असाल तर कपाळ किंवा डोक्याएवढी.

स्की जमिनीवर ठेवली की मधला भाग थोडा वर उचललेला दिसतो, त्याला कॅम्बर म्हणतात. कडक बर्फावर पकड यामुळे येते. टोकं आधीपासूनच वर वळलेली असतील तर तो रॉकर. टोक मऊ बर्फात घुसत नाही, आणि कडक बर्फावर कडेची टेकणारी लांबी कमी होते. मिश्र बर्फासाठी पुढे रॉकर, मधे कॅम्बर, मागे थोडा रॉकर ही रचना सर्वात सोयीची.

आत बहुधा लाकडी गाभा असतो. त्यावर धातूचा पत्रा (टायटॅनल) असेल तर स्की जड आणि स्थिर होते, तुटक्या बर्फात थरथरत नाही. पण ती वळवायला ताकद लागते.

आधी बूट, मग बाइंडिंग

हा क्रम उलटा करू नका. बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये एक आकडा कोरलेला असतो, उदा. ३०५. ही सोलची लांबी. बाइंडिंगची जागा यावरच ठरते. शिवाय सोलचे प्रकार वेगळे असतात: साधा अल्पाइन (आयएसओ ५३५५), ग्रिपवॉक (आयएसओ २३२२३) आणि टूरिंग (आयएसओ ९५२३). तुमच्या बुटाचा सोल बाइंडिंगला चालतो का, हे लिखित माहितीत तपासा. मोबाइलच्या चार्जरसारखं "बसतंय म्हणजे चालतंय" इथे लागू नाही.

ब्रेकची रुंदी स्कीच्या कंबरेइतकी किंवा १० ते १५ मिमी जास्त असावी. १०० मिमीच्या स्कीला १०० किंवा ११० मिमीचा ब्रेक.

बसवण्याची पद्धत

१. स्कीवर कंपनीने आखलेली रेषा शोधा. बुटाच्या बाजूला मध्यरेषा असते. दोन्ही रेषा जुळवायच्या. पुढे सरकवलं तर वळणं झटपट, मागे सरकवलं तर टोक जास्त तरंगतं. खास कारण नसेल तर कंपनीची रेषाच ठेवा.
२. त्या बाइंडिंगचा जिग किंवा टेम्प्लेट लावून छिद्रांच्या खुणा करा.
३. ड्रिलचा आकार बहुतेक वेळा स्कीवरच छापलेला असतो. धातूच्या पत्र्याच्या स्कीला सहसा ४.१ मिमी, बाकीच्यांना ३.५ मिमी, आणि खोली ९ मिमी. ड्रिलला खोली अडवणारा स्टॉपर हवाच, नाहीतर छिद्र तळातून बाहेर पडतं.
४. धातू असेल तर आटे पाडा. मग छिद्रात पाण्याने न सुटणारा वुड ग्लू घालून स्क्रू पिळा. स्क्रूला बहुधा पोझीड्राइव्ह ३ चा पेचकस लागतो. साध्या फुली पेचकसाने डोकं झिजतं.
५. बूट अडकवून टाचेचा पुढचा दाब खुणेनुसार लावा. पुढच्या भागाची उंची बदलता येत असेल तर तीही तपासा.

वाचायला सोपं आहे, पण मी वर्ध्यातल्या सुताराकडे किंवा वर्कशॉपमध्ये हे करून घ्यायला सांगणार नाही. त्यांचा हात उत्तम असतो, पण जिग आणि तपासणीचं यंत्र नसतं. स्की मागवताना दुकानदाराला सोलची लांबी कळवा आणि बाइंडिंग बसवूनच पाठवायला सांगा.

रिलीजचा आकडा: फ्यूजची तार

बाइंडिंगवर छोट्या खिडकीत एक आकडा दिसतो. लोक त्याला डीआयएन म्हणतात. पडताना किती जोर आल्यावर बूट सुटेल, ते तो ठरवतो. घरचा फ्यूज आठवा. वारंवार उडतो म्हणून कोणी जाड तार बांधली तर फ्यूज उडत नाही, पण घराची वायरिंग जळते. इथे वायरिंग म्हणजे तुमच्या पायाचं हाड आणि गुडघ्याचे लिगामेंट. आकडा फार कमी ठेवला तर वेगात असताना स्की विनाकारण सुटते, तेही धोक्याचंच.

आयएसओ ११०८८ या मानकातल्या तक्त्यात वजन, उंची, वय, सोलची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून आकडा निघतो. ५० वर्षांवरच्यांसाठी तो कमी होतो. सोल लांब असेल तरही कमी होतो, कारण तरफ लांब झाली.

एका भाड्याच्या दुकानात माझ्या पुढच्या मुलाला वजन न विचारताच स्की दिली होती. मी मागे उभा राहून आकडा बघितला, तो आधीच्या गिऱ्हाइकाचाच होता. म्हणून भाड्याने घेतानाही स्वतः वजन सांगा, आपल्या बुटाने आकडा लावून घ्या आणि खिडकीचा फोटो काढून ठेवा. बाइंडिंगही सुटण्याची हमी प्रत्येक वेळी देत नाही, तरी योग्य आकडा हा तुमच्या हातातला सर्वात स्वस्त विमा आहे.

फोन वापरणाऱ्यांनी हे वाचाच

रुंद स्की घेतली की दाबलेल्या उताराबाहेर जायचा मोह होतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटूंचा जीव गेला. उताराबाहेर जायचं तर स्थानिक गाइड, फावडं, प्रोब आणि ट्रान्सीव्हर हवेतच.

ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालतो आणि मोबाइलमुळे त्याचा सिग्नल बिघडू शकतो. साधारण वापरात दोघांत किमान २० सेमी अंतर ठेवा, शोध घेताना ५० सेमी. थंडीत बॅटरीही लवकर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात ठेवा, पण ट्रान्सीव्हरच्या शेजारी नाही.

नेहमीचे प्रश्न

जुन्या स्कीवर नवीन बाइंडिंग बसेल का? बसेल, पण नवीन छिद्रं जुन्यांपासून साधारण १ सेमी तरी लांब हवीत. जुनी छिद्रं बुजवून घ्या.

वर्ध्याच्या उन्हाळ्यात स्की कुठे ठेवायची? टिनाच्या खोलीत किंवा गच्चीवर अजिबात नाही. कडा कोरड्या पुसा, तळाला मेणाचा जाड थर द्या आणि घरातल्या थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवा. पावसाळ्यात एकदा काढून गंज बघा.

बजेट कमी आहे, खर्च कुठे करू? आधी नीट बसणाऱ्या बुटावर. स्की भाड्याने मिळते, पायाच्या मापाचा बूट मिळेलच असं नाही.