राष्ट्रकूटकालीन एक कंठहार : १२३४५६५४३२१

सातारा-सांगलीकडच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला राष्ट्रकूट भेटतात ते ताम्रपटांतून. गोविंद चौथ्याचा सांगली ताम्रपट शके ८५५ चा, कृष्ण तिसऱ्याचा कऱ्हाड ताम्रपट शके ८८० चा. वंशावळी आणि दानाची गावे यांसाठी आपण ते वाचतो. त्याच घराण्याच्या काळात, सुमारे शतकभर आधी, ग्रंथबद्ध झालेल्या एका संख्येकडे मात्र आपले लक्ष जात नाही. हा धागा तिच्यासाठी.

जैन गणितज्ञ महावीराचार्य यांचा ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ इ. स. ८५० च्या सुमाराचा. आरंभी अमोघवर्ष नृपतुंगाची स्तुती आहे. त्यातील गुणाकाराचे एक उदाहरण : २७९९४६८१ गुणिले ४४१. उत्तर १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढत जाणारी आणि त्याच क्रमाने उतरणारी ही माळ. अशा गुणाकारांना आचार्य गळ्यातल्या अलंकाराची उपमा देतात. (आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले, १२,३४,५६,५४,३२१, की माळ लगेच विसकटते!)

ही संख्या म्हणजे १११११ नव्हे, १११११११ नव्हे, नेमक्या सहा एकांचा, १११११११ च्या अलीकडच्या १११११ १ चा, म्हणजे १११११×१० + १ चा वर्ग. १११११ १ हीच संख्या सहा वेळा, दर खेपेस एक घर सरकवून मांडली की स्तंभांच्या बेरजा १, २, ३, ४, ५, ६ आणि पुन्हा उतरत १ अशा येतात. हातचा कुठेच येत नाही. आता ४४१ म्हणजे २१ चा वर्ग, २७९९४६८१ म्हणजे ५२९१ चा, आणि २१ × ५२९१ म्हणजे तेच सहा एक. माझ्या मते आचार्यांनी उत्तर आधी निवडले आणि मग ते दोन वर्गांत फोडून प्रश्न रचला. योगायोगाने ४४१ हाती लागणे कठीण.

इतिहासाच्या दृष्टीने मोल आहे ते यापुढे. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखांत दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. त्या पद्धतीत ही माळ दिसलीच नसती. अंकाला किंमत त्याच्या घरावरून मिळते, ही कल्पना अंगवळणी पडलेल्या वाचकालाच तिचे सौंदर्य कळते. ‘प्राचीनांना सारे ठाऊक होते’ अशा घोषणांपेक्षा हा पुरावा मला अधिक भरवशाचा वाटतो.

विसाव्या शतकात देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर याच जातीच्या संख्यांकडे वळले. कल्पना डोंबिवली स्थानकावर सुचली म्हणून त्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एक घेतले की मधल्या स्तंभात हातचा येतो आणि माळ तुटते : १२३४५६७९००९८७६५४३२१. ते नऊ एकही ‘गणितसारसंग्रहा’त आहेतच, १२३४५६७९ × ९ या गुणाकाराचे उत्तर म्हणून.