मैलांची तबकडी : एक पाठशुद्धीचा प्रश्न

जुन्या पोथीची लिपि व शक आपण जितक्या काळजीनें पाहतों, तितक्याच काळजीनें जुन्या यंत्रावरील आंकडेहि पाहिले पाहिजेत. हा विचार सुचण्यास एका जुन्या इंग्रजी मोटारसायकलचा स्पीडोमीटर निमित्त झाला. त्यावर मैलांचे आंकडे आहेत. मालकांस ते किलोमीटरचे करावयाचे होते.

मापें बदलणें आपणांस नवें नाहीं. लीलावतींत चोवीस अंगुलांचा हात, चार हातांचा दंड व दोन हजार दंडांचा क्रोश सांगितला आहे. हात १८ इंचांचा धरल्यास क्रोश ४००० यार्डांचा, म्हणजे सव्वादोन मैलांहून किंचित् अधिक होतो. आईन-इ-अकबरींतील कोस ५००० इलाही गजांचा आहे. इंग्रजी अंमलांत १७६० यार्डांचा मैल रूढ झाला, आणि १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापांस आधार मिळाला. १९५९ त यार्ड ०.९१४४ मीटर ठरल्यानें मैल नेमका १.६०९३४४ किलोमीटर झाला. तथापि केवळ तबकडीवरून यंत्राचा काळ ठरवूं नये; इंग्लंडांतील रस्त्यांवर आजहि मैलच चालतात, आणि तेथील कारखाने निर्यातीसाठीं किलोमीटरच्या तबकड्याहि करीत.

आतां यंत्राकडे वळूं. चुंबकीय जातीच्या स्पीडोमीटरांत केबलनें फिरणारें लोहचुंबक धातूच्या वाटीस ओढतें व बारीक स्प्रिंग तिला अडविते. म्हणून कांट्याचा कोन वेगाच्या प्रमाणांत असतो. अंतर मोजणारीं चाकें मात्र दंतचक्रांनीं फिरतात. त्यामुळें ५० च्या जागीं ८० लिहिलेली नवी तबकडी बसविल्यास कांटा बरोबर बोलेल, पण चाकें मैलच मोजीत राहतील. केबल व यंत्र यांमध्यें दंतचक्रांची पेटी घालून फेरे वाढविल्यास दोन्ही सुधारतात, तबकडीहि जुनीच राहते. मात्र तिच्यावरील ८० चा आंकडा किलोमीटरचा समजावा लागतो. ८:५ हें प्रमाण घेतल्यास हजार किलोमीटरांमागें सुमारें सहा कमी भरतात. ३७:२३ घेतल्यास चूक अर्ध्या किलोमीटरहूनहि कमी. मात्रावृत्तांच्या गणनेंत हेमचंद्रानें सांगितलेल्या अंकमालेंत ५, ८, १३ हे लागोपाठ येतात. म्हणून पांच मैलांचे आठ व आठांचे तेरा किलोमीटर हा तोंडी हिशेब सोपा पडतो.

खरा प्रश्न निराळाच आहे. अशाच दुसऱ्या एका गाडीची तबकडी कारागिरानें खरवडून रंगविली व चाकें शून्यावर आणलीं. मूळ मालकाच्या वहींत प्रत्येक दुरुस्तीपुढें मैल नोंदले होते. त्या नोंदींचा एकमेव साक्षीदार त्या दिवशीं नाहींसा झाला. वही आहे, पण तिचा पडताळा घेण्यास कांहीं उरलें नाहीं.

यास्तव माझें मत असें कीं, शोधकानें पोथींतील मूळ अक्षर न खोडतां शुद्ध पाठ समासांत लिहावा, तीच रीत येथें पाळावी. नवी तबकडी वेगळी करावी. जुनी, बदलाची तारीख व त्या वेळचा आंकडा लिहून, जपून ठेवावी. वरील गाडीचे मालक यास राजी झाले, हें समाधानानें नमूद करतों.