लाडवलीचे मोरे आणि महाडचे पाणी

चवदार तळे म्हटले की बाबासाहेब आठवतात, ते बरोबरच. पण ती परिषद महाडात भरावी म्हणून ज्यांनी चपला झिजवल्या, ते रामचंद्र बाबाजी मोरे आपल्या पोरांना ठाऊक आहेत काय? आम्ही तळीयेची माणसे. मोरे आपल्याच तालुक्यातले, लाडवलीचे. जन्म 1903 चा.

1914 साली शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना घेतले नाही. अकरा वर्षांचे पोर, पण रडत बसले नाही. वर्तमानपत्राला पत्र धाडले. ते छापून आले, तेव्हा कुठे प्रवेश मिळाला. बसायचे मात्र वर्गाबाहेर.

1923 मध्ये बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात पास झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले. पण कागदाने तहान भागते होय? मोरे व सोबत्यांनी माणसे गोळा केली आणि 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांमागून हजारो ओंजळी पाण्यात गेल्या. लोकांनी मारही खाल्ला. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे हे सवर्ण असूनही पाठीशी राहिले. डिसेंबरच्या परिषदेला जागा दिली ती फत्तेखान यांनी. कोर्टाचा शेवटचा निकाल लागला 1937 साली.

पुढे मोरे लाल बावट्याखाली गेले आणि 1972 ला वारेपर्यंत कामगारांत राहिले. वाट वेगळी झाली म्हणून उपकार विसरायचे काय? आम्ही गिरणीवाले तरी विसरणार नाही. विहारात पोरांना हे नाव सांगा, एवढीच विनंती.

जयभीम!