दुधातलं पाणी आणि कायद्यातला शब्द

भीमाशंकर साखर कारखान्यामुळे पारगाव उसाचं गाव म्हणून ओळखलं जातं. पण इथल्या कितीतरी घरांचा किराणा भरतो तो दुधाच्या पगारावर. संकलन केंद्रावर कॅन उतरला की पहिला प्रश्न एकच: ‘फॅट किती लागलं?’ त्या एका आकड्यामागे शंभरेक वर्षांचा कायदा उभा आहे. आज आपण तोच पाहू.

मुंबई इलाख्यात भेसळ प्रतिबंधाचा कायदा 1899 साली आला, पुन्हा नवा 1925 साली. काळजी मुख्यतः शहराची होती. दूध लांबून यायचं, वाटेत पाणी पडायचं. पुढे देशभरासाठी 1954 चा कायदा झाला, 1 जून 1955 पासून लागू. महाराष्ट्रात गाईच्या दुधाला 3.5 टक्के फॅट आणि 8.5 एसएनएफ, म्हशीच्या दुधाला 6 आणि 9, असं प्रमाण ठरलं. निरीक्षक नमुन्याचे तीन भाग करून सील करायचा, एक सरकारी विश्लेषकाकडे जायचा.

आता अडचण कुठे आली? प्रमाणापेक्षा कमी भरलं की कायद्याच्या भाषेत ते दूध ‘भेसळयुक्त’. पाणी घातलं का, हा प्रश्नच नाही. आणि आपल्याला तर माहीत आहे, पहिली धार पातळ, शेवटची घट्ट. शेवटची वासराला सोडली तर फॅट उतरणारच. संकरित गाय, हिरव्या चाऱ्याचा भर, वैरण कमी, तरी उतरतं. म्हणजे प्रामाणिक माणूसही गुन्हेगार ठरू शकत होता, आणि किमान शिक्षा सहा महिने कैद.

1976 च्या दुरुस्तीत सवलत आली: केवळ नैसर्गिक कारणाने, माणसाच्या हाताबाहेर दर्जा उतरला असेल तर ती भेसळ नव्हे. पुढे 2006 चा अन्न सुरक्षा कायदा झाला, 5 ऑगस्ट 2011 पासून लागू. त्याने शब्दच वेगळे केले. ‘कमी दर्जाचं’ असेल तर दंड, पाच लाखांपर्यंत. ‘असुरक्षित’ असेल तर तुरुंग. पातळ दूध आणि घातक दूध वेगळं, एवढं कागदावर यायला पन्नासहून अधिक वर्षं लागली.

लोकांच्या मनात मात्र ते अजून एकच आहे. 2011 च्या राष्ट्रीय पाहणीत 1,791 पैकी 68.4 टक्के नमुने प्रमाणात बसले नाहीत. गाजलं ते डिटर्जंट. सर्वाधिक नमुने होते ते फॅट-एसएनएफ कमी असलेले. 2018 च्या पाहणीत 6,432 नमुने घेतले. भेसळीमुळे असुरक्षित निघाले फक्त 12. पण 368 नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-1 मर्यादेपेक्षा जास्त होतं. हे विष कुणी ओतत नाही. बुरशी लागलेली पेंड, मका जनावराच्या पोटात गेला की ते दुधात उतरतं.

आणि इथेच गंमत आहे. 2006 च्या कायद्याचं कलम 18 सांगतं की शेतकरी आणि त्याचं शेतीकाम या कायद्याच्या कक्षेत नाही. शेतकऱ्याला त्रास नको म्हणून ते बरंच आहे. पण मग सरकारची नजर गोठ्याच्या दाराशी थांबते, आणि धोका सुरू होतो दाराच्या आत, पेंडीच्या पोत्यात. फॅट मोजणारं यंत्र गावोगाव पोचलं. पोत्यातली बुरशी तपासायची सोय त्याच केंद्रावर व्हावी, ही मागणी आता आपणच लावून धरायला हवी. कारण त्या कॅनमधलं थोडं दूध आपल्याही घरी राहतं, आपलीच पोरं ते पितात.